बेटांचा शेवटचा धनी

स्कॉटलंडचा सरदार म्हटला, की आपल्या डोळ्यांपुढे एक ठरलेले चित्र उभे राहते. चौकटीचौकटीचा घागरा, तांबूस दाढी, काखेत बॅगपाइप आणि पाठीमागे धुक्यात बुडालेला डोंगर. बिस्किटांच्या डब्यावर हे चित्र फार शोभते. पण मी आज ज्या सरदाराची गोष्ट सांगायला बसलो आहे, त्याने हा घागरा जन्मात कधी नेसला नाही. नेसणार कसा? ती रीत पडली त्याच्या मरणानंतर सुमारे नव्वद वर्षांनी. आणि अमक्या घराण्याची अमकी चौकट, हा तर अलीकडच्या दोनशे वर्षांतला थाट. त्याच्या काळची बडी माणसे केशरी रंगाचा घोळदार लिननचा सदरा घालीत आणि लढाईला जाताना त्यावर रजईसारखा टाके घातलेला जाड अंगरखा चढवीत. जुन्या थडग्यांच्या दगडांवर ही माणसे अजून तशीच उभी आहेत, हातात तलवार घेऊन.

त्याचे नाव जॉन. घराणे मॅकडोनाल्ड. त्याच्या गेलिक भाषेत 'मॅक' म्हणजे मुलगा आणि 'क्लान' म्हणजे लेकरे. डोनाल्ड नावाच्या मूळ पुरुषाची जी लेकरे, ती क्लान डोनाल्ड. आपल्या भावकीसारखाच हा प्रकार. फरक इतकाच, की रक्ताचे नाते नसलेली कुळेही सरदाराच्या आसऱ्याला येऊन त्याच नावाची होत.

सणासुदीच्या अंकात एका हरलेल्या माणसाची गोष्ट कशाला, असे कुणी म्हणेल. पण जिंकलेल्यांच्या गोष्टी घरातल्या मुलांना पाठ असतात. तुमच्या अंगणातल्या मातीच्या किल्ल्यावर सिंहासनाधिष्ठित महाराज बसले आहेतच. आणि जॉनची गोष्ट नुसत्या लढायांची नाही. ती एका कागदाची आहे आणि बापलेकांची आहे. या दोन गोष्टी कोणत्याही मुलखातल्या घरात ओळखीच्या वाटाव्यात.

आधी मुलूख समजून घेऊ. स्कॉटलंडच्या नकाशात पश्चिम किनारा पाहा. कुणी कागद चुरगाळून टाकावा तसा तो दिसतो. आत घुसलेल्या खाड्या आणि बाहेर विखुरलेली शेकडो बेटे. आपण पाण्याला अडथळा समजतो. तिथे पाणी हाच रस्ता होता. डोंगर ओलांडून जायला आठवडा लागे तिथे वल्ह्यांच्या होडीने दोन दिवसांत पोचता येई. ज्याच्या पदरी होड्या, त्याचा मुलूख. जॉनच्या पणजोबाने १३३६ साली 'बेटांचा धनी' अशी पदवी लॅटिन पत्रात लावली आणि पुढे राजा झालेल्या रॉबर्ट स्ट्युअर्टची मुलगी घरात आणली. आजोबा डोनाल्ड रॉसच्या जहागिरीवर हक्क सांगत १४११ साली हार्लॉच्या मैदानात लढला. वडील अलेक्झांडर यांना ती जहागीर अखेर मिळाली. म्हणजे समुद्रातली बेटे आणि उत्तरेकडचा रॉसचा विस्तीर्ण मुलूख, असे दोन्ही हात भरलेले वैभव घेऊन १४४९ साली जॉन गादीवर आला. तेव्हा त्याचे वय होते पंधराच्या आसपास.

गादीवर यायचे म्हणजे काय करायचे, हे मला फार आवडले म्हणून जरा सविस्तर सांगतो. आयला नावाच्या बेटावर फिनलॅगन हे लहानसे तळे आहे. तळ्यात दोन बेटे. मोठ्यावर धन्याचा वाडा, मेजवानीचा दिवाणखाना आणि प्रार्थनामंदिर; छोट्यावर पंचायतीची जागा. दोन्हींना जोडणारी दगडी पायवाट. तिथे एक शिळा असे आणि तिच्यात पावलाचा खळगा कोरलेला असे. नव्या धन्याने पांढरे वस्त्र पांघरून त्या खळग्यात पाऊल ठेवायचे, हाती पांढरी काठी घ्यायची आणि वाडवडिलांची तलवार स्वीकारायची. पूर्वजांच्या पावलावर पाऊल टाकणे आपण नुसते बोलतो. ही मंडळी ते खरोखर करीत.

पंचायतीत चौदा जण बसत. बेटाबेटांवरचे प्रमुख त्यात असत. उल्वा या चिमुकल्या बेटाचा मॅकक्वारी हा त्यांतलाच एक. त्याच उल्वा बेटावर १७६२ साली जन्मलेला लॅकलन मॅक्वारी पुढे फौजेबरोबर १७८८ साली आपल्या मुंबईत उतरला, १७९३ साली मुंबईतच त्याचे लग्न झाले, आणि मग ऑस्ट्रेलियात गव्हर्नर म्हणून त्याने नाव काढले. मुंबईच्या उन्हात घाम पुसताना त्याला फिनलॅगनची पंचायत आठवत होती का, कोण जाणे. असो.

आपल्याकडे गावगाड्यात बलुती चालत आली तशी या बेटांवर विद्या घराण्यांत चालत आली होती. मॅकव्हूरिख हे पिढीजात कवी. बीटन हे पिढीजात वैद्य, आणि त्यांच्या पोथ्यांत अरबी वैद्यकापर्यंतचे ज्ञान गेलिकमध्ये उतरलेले. जॉनच्या आजोबांनी १४०८ साली आयलावरच्या एका माणसाला जमीन दिली, तिची सनद गेलिक भाषेत आहे. खंडणी म्हणून त्याने धन्याच्या घरी दरसाल चार गाई द्यायच्या. या धन्यांच्या दफ्तरातली गेलिकमधली हीच एक सनद आज उरली आहे. बाकी सारे लॅटिनमध्ये, नाहीतर तोंडी. शब्द हाच कागद, अशी तिथली पद्धत. आणि याच घराण्याचा घात पुढे एका कागदाने केला.

पंधरा वर्षांच्या पोराच्या हाती एवढा पसारा आला, की सल्ला देणाऱ्यांची वाण पडत नाही. जॉनचे लग्न झाले लिव्हिंग्स्टन घराण्यात. त्या वेळी दरबारात त्या घराण्याचा मोठा दबदबा होता. पण लवकरच राजा दुसरा जेम्स त्या लिव्हिंग्स्टनांवरच उलटला आणि सासरे जावयाच्या आश्रयाला आले. जावयाने तरुण रक्ताला साजेसे काम केले. त्याने राजाचे इनव्हरनेस आणि अर्कर्ट हे किल्लेच घेतले. हे लग्न मात्र पुढे टिकले नाही. बायकोने नवऱ्याविरुद्ध थेट पोपकडे गाऱ्हाणे नेले आणि ती दरबाराच्या आश्रयाने राहिली. तिच्यापासून त्याला मुलगा झाला नाही. मुलगा होता तो लग्नाबाहेरचा, अँगस. हे नाव लक्षात ठेवा.

याच सुमारास जॉनचा दक्षिणेतल्या बड्या डग्लस सरदाराशी आणि क्रॉफर्डच्या सरदाराशी एकमेकांना साथ देण्याचा करार झाला होता. राजाने १४५२च्या फेब्रुवारीत अभयपत्र देऊन डग्लसला स्टर्लिंगच्या किल्ल्यात जेवायला बोलावले आणि करार मोडायला सांगितले. तो नाही म्हणाला. राजाने स्वतःच्या हाताने त्याला भोसकले. जॉन तेव्हा दूर आपल्या बेटांवर होता. मला वाटते, करार म्हणजे काय चीज असते, हे त्याला त्याच वेळी कळायला हवे होते.

पुढे १४६० साली हा जेम्स राजा रॉक्सबरोच्या वेढ्यात आपलीच तोफ फुटून मेला. गादीवर आठ वर्षांचे पोर बसले. इंग्लंडात दुसऱ्याच वर्षी चौथा एडवर्ड राजा झाला आणि त्याला स्कॉटलंडच्या पाठीत खुपसायला काटा हवा होता. मेलेल्या डग्लसचा भाऊ इंग्लंडात परागंदा होऊन बसलाच होता. तो मध्यस्थ झाला. मलच्या सामुद्रधुनीवर आर्डटॉर्निश नावाचा किल्ला आहे. तिथून जॉनने १४६१च्या ऑक्टोबरात आपले वकील धाडले आणि १३ फेब्रुवारी १४६२ रोजी वेस्टमिन्स्टरला तह ठरला.

तहातले कलम वाचले की माणूस थक्क होतो. जॉन, त्याचा शूर नातलग डोनाल्ड बॅलक आणि त्या डोनाल्डचा मुलगा, तिघांनीही इंग्लंडच्या राजाचे मांडलिक व्हायचे. बदल्यात तनखा. युद्धाच्या काळात जॉनला वर्षाला २०० पौंड, शांततेत त्याहून बरेच कमी. डोनाल्डला आणि त्याच्या मुलाला आणखी कमी. आणि स्कॉटलंड जिंकला, तर फोर्थ नदीच्या उत्तरेचा सगळा मुलूख जॉन, डोनाल्ड आणि डग्लस यांनी समसमान वाटून घ्यायचा! म्हणजे बाजारात तुरी. दूध काढायच्या आधी खरवसाच्या वड्या पाडणारी माणसे आपणही पाहिली आहेत. इथे तर म्हैसच दुसऱ्याच्या गोठ्यात होती.

जॉनला यात द्रोह दिसला असेल का? माझ्या मते नाही. त्याचे पूर्वज नॉर्वेच्या राजाला मानीत, मग स्कॉटलंडच्या राजाला मानू लागले. कुणाला मुजरा करायचा हा त्यांच्या लेखी सोयीचा प्रश्न होता. समुद्र आपलाच राहणार ही खात्री होती. एडिंबरोच्या दरबारात मात्र काळ बदलत होता. तिथे राजा एकच, आणि बाकीचे त्याचे चाकर, असा हिशेब मांडला जात होता. जॉनने जुन्या हिशेबाने नव्या बाजारात सही केली.

तहाप्रमाणे इनव्हरनेसवर चाल झाली. जॉनच्या नावाने हुकूम निघाले, की राजाचा सारा यापुढे आमच्याकडे भरा. इंग्लंडची फौज काही आली नाही. एडवर्डला घरची भांडणे पुरून उरली होती. हळूहळू सगळे शांत झाले. एक वर्ष गेले, पाच गेली, दहा गेली. जॉन रॉसमध्ये डिंगवॉलच्या किल्ल्यात राहत होता, सनदा देत होता. तो कागद विसरला असावा. पण कागदाच्या दोन प्रती असतात, आणि दुसरी प्रत इंग्लंडच्या राजाकडे होती.

एडवर्डला १४७४ साली स्कॉटलंडशी सलोखा हवासा वाटला. आपली पाच वर्षांची मुलगी स्कॉटलंडच्या तान्ह्या राजपुत्राला द्यायचे ठरले. (ते लग्न पुढे झालेच नाही.) सोयरीक जुळली तशी जुन्या गड्याची गरज संपली आणि बारा वर्षांपूर्वीचे ते प्रकरण उजेडात आले. १६ ऑक्टोबर १४७५ रोजी डिंगवॉलच्या किल्ल्याच्या दारात राजाच्या माणसाने जाहीर समन्स वाचले: देशद्रोहाच्या जाबासाठी एडिंबरोला हजर व्हा. तो गेला नाही. डिसेंबरात पार्लमेंटने त्याचे सर्वस्व जप्त केल्याचा ठराव केला.

बापजाद्यांपैकी कुणी असता तर होड्या लोटल्या असत्या. जॉन १४७६च्या जुलैत एडिंबरोला गेला आणि शरण आला. राणीने रदबदली केली. बेटे परत मिळाली आणि पार्लमेंटात बसायचा मानही मिळाला. पण आजोबा ज्यासाठी लढले ते रॉस गेले, आणि त्याबरोबर किंटायर आणि नॅपडेल हे घराण्याचे जुने दक्षिणेचे प्रांतही गेले. अँगसला वारस म्हणून मान्यता मिळाली, एवढीच काय ती जमेची बाजू.

आता अँगसकडे वळू. 'ओग' म्हणजे धाकटा, अँगस ओग. त्याला आर्गाइलच्या बलाढ्य कॅम्बेलची मुलगी दिली होती. बाप काय देऊन आला हे पाहून या तरुणाचे माथे भडकले. त्यात आणखी एक दुखणे होते. जॉन हाताचा सढळ. मॅक्लीन, मॅकलॉइड, मॅकनील अशा पदरच्या कुळांना तो जमिनी देत गेला आणि घरच्या मॅकडोनाल्डांना वाटू लागले, की धनी आपला वाटा परक्यांच्या पानात वाढतो आहे. सतराव्या शतकातला याच घराण्यातला एक बखरकार म्हणतो, की जॉन सौम्य, विनयी आणि शिकलेला माणूस होता. असल्या बेबंद टोळ्यांचा म्होरक्या होण्यापेक्षा त्याने धर्मोपदेशक व्हायला हवे होते. हे वाक्य वाचून मी बराच वेळ थांबलो. आपल्या ओळखीतही अशी माणसे असतात. एरवी देवमाणूस, पण घरच्या सातबाऱ्यावर सही करायची वेळ आली, की घरच्यांच्या पोटात गोळा येतो.

त्याच बखरकाराने एक प्रसंग दिला आहे. तो म्हणतो, अँगसने बापाला आयलावरच्या त्याच्याच घरातून बाहेर काढले. रात्रीची वेळ होती. बेटांचा धनी किनाऱ्यावर आला आणि एका जुन्या, पालथ्या घातलेल्या होडीखाली त्याने ती रात्र काढली. सकाळी उठून त्याने मुलाला शाप दिला आणि तो आर्गाइलकडे चालता झाला. आर्गाइल म्हणजे मुलाचाच सासरा! हे अक्षरशः असेच घडले की सांगणाऱ्यांनी त्यात रंग भरले, याचा निवाडा पुराव्याने होणे कठीण आहे. पण ज्याच्या पूर्वजांनी होड्यांवर राज्य केले त्याला शेवटी होडीचे छप्पर करावे लागले, ही कल्पना ज्याला सुचली त्याला जॉनचे दुःख नीट कळले होते.

मन कुणाच्या बाजूने झुकवावे? मी अँगसच्या बाजूने विचार करून पाहिला. घर बुडते आहे, आणि बाप हसतमुखाने दारे-खिडक्या वाटतो आहे. मुलाने गप्प बसायचे का? पण होडीखालचा म्हातारा डोळ्यांपुढून हलत नाही.

मग ती लढाई झाली. १४८०च्या दशकाच्या आरंभी, मल बेटावर टोबरमोरीच्या उत्तरेला एका उपसागरात बापाची गलबते आणि मुलाची गलबते भिडली. बापाच्या बाजूला मॅक्लीन, मॅकलॉइड आणि मॅकनील. म्हणजे ज्यांना त्याने दिले ते त्याच्याशी इमानाने राहिले, हेही नोंदवायला हवे. मुलाच्या बाजूला बहुतेक मॅकडोनाल्ड. मुलगा जिंकला. त्या जागेला आजही 'रक्ताचा उपसागर' म्हणतात. बेटांचे जे आरमार कधी कुणाला आवरले नव्हते, ते त्या दिवशी आपसांत लढून फुटले.

पुढचे घाव भराभर पडले. अँगसचे तान्हे मूल, डोनाल्ड, आयलावर छापा घालून पळवून नेले गेले आणि आईच्या वडिलांच्या, म्हणजे आर्गाइलच्या, ताब्यात देण्यात आले. ऑ नावाच्या सरोवरातल्या बेटावरच्या किल्ल्यात ते कैदेत वाढले. आजोळी लाडात वाढणारी नातवंडे आपण पाहतो. हे नातवंड आजोळी तुरुंगात वाढले. आणि १४९० साली इनव्हरनेसला अँगस रात्री झोपलेला असताना त्याच्याच पदरच्या आयरिश हार्पवादकाने त्याचा गळा कापला. डिअर्मिड ओ कार्ब्री त्याचे नाव. गेलिक सरदाराच्या घरी हार्प वाजवणाऱ्याला केवढा मान असे! मेजवानीत त्याची जागा धन्याच्या जवळ. त्याने हे का केले याच्या कथा अनेक आहेत. त्याच्या तोडलेल्या मुंडक्याला उद्देशून कुणी कवीने रचलेली एक गेलिक कविता सोळाव्या शतकाच्या आरंभीच्या हस्तलिखितात टिकून आहे. त्या काळी बेटांवर खुनालाही कवी मिळे.

मुलगा गेल्यावर म्हातारा पुन्हा नावाचा धनी झाला, पण लगाम हाती राहिला नव्हता. पुतण्या अलेक्झांडर याने १४९१ साली रॉस परत मिळवण्यासाठी धाड घातली आणि शिक्षा काकाला झाली. १४९३ साली राजा चौथा जेम्स याच्या अमदानीत बेटांची जहागीर कायमची जप्त झाली. हा राजा मोठा चलाख. त्याला गेलिक बोलता येई आणि तो स्वतः गलबतांतून बेटांकडे आला. जॉनला त्याने मारले नाही, कोंडलेही नाही. तनखा बांधून दिला.

जुन्या पुस्तकांत लिहिले असे, की जॉन १४९८च्या सुमारास पेझलीच्या मठात वारला. पुढे अभ्यासकांनी राजाच्या खजिन्याचे हिशेब नीट पाहिले, तेव्हा तो १५०३च्या आरंभी वारला आणि तोही डंडी गावात, असे दिसून आले. हिशेबात त्याच्या अंत्यविधीचा खर्च मांडला आहे. डंडी हे पूर्व किनाऱ्यावरचे व्यापारी गाव. आयलाच्या अगदी उलट बाजूला. तिथे कुणाला त्याची भाषा कितपत येत असेल? पंधराव्या वर्षी पांढरे वस्त्र पांघरून ज्याने शिळेवर पाऊल ठेवले, त्याच्या तिरडीचे पैसे राजाच्या कारकुनाने खर्ची टाकले.

आणि कैदेतला नातू? डोनाल्ड 'दू', म्हणजे काळ्या केसांचा, १५०१ साली किल्ल्यातून निसटला. बेटे त्याच्याभोवती गोळा झाली आणि राजाला हे बंड मोडायला काही वर्षे लागली. मग तो पुन्हा पकडला गेला. या वेळी एडिंबरोच्या किल्ल्यात, सुमारे ३७ वर्षे. १५४३ साली सुटला तेव्हा तो साठीकडे झुकला होता. ज्या माणसाने उभे आयुष्य चार भिंतींत काढले होते, त्याच्यासाठी १५४५ साली १८० गलबते आणि ४,००० माणसे समुद्र ओलांडून आयर्लंडला गेली. तिथे त्याने इंग्लंडच्या आठव्या हेन्रीशी करार करून त्याला आपला राजा मानले. आजोबांनी केला तसाच करार, ८३ वर्षांनी. इंग्लंडचे पैसे आले, त्यांच्या वाटणीवरून सरदारांत भांडणे लागली आणि गलबते आपापल्या बेटांकडे परतली. डोनाल्ड त्याच वर्षी आयर्लंडमध्ये ड्रॉएडा इथे वारला.

'बेटांचा धनी' ही पदवी त्याआधीच, १५४० साली, राजघराण्याला जोडून टाकली होती. ती तिथेच आहे. २०२२ सालापासून ती राजपुत्र विल्यम यांच्याकडे आली. फिनलॅगनच्या तळ्यात पडक्या भिंती उरल्या आहेत आणि त्यांच्यात गवत वाढते. पाऊल कोरलेली ती शिळा मात्र तिथे उरलेली नाही.